कायले आली

मुलगा आणि सून तिला घेऊन आले तेव्हा मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. नऊ वर्षांची मुलगी. अंगाने बारीक, केस तेल लावून घट्ट बांधलेले, पाठीवर निळी बॅग. सोलापूरकडच्या एका संस्थेतून आणली होती. गाड्या बदलत बदलत सालेकशाच्या स्टेशनवर उतरले आणि तिथून ऑटोने गावात आले. ती वाकून माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "राहू दे." तिने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

खरं सांगायचं तर मला ही गोष्ट पसंत नव्हती. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. दत्तक घ्यायला मी नाही म्हटलं नव्हतं. पण मला वाटलं होतं, दुपट्यातलं बाळ आणतील. बाळाला काही ठाऊक नसतं. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं ठाऊक असतं. ती आपल्याकडे बघते आणि मनात काय धरते ते आपल्याला कळत नाही. या वयापर्यंत मी साप मारले, विंचू मारले, नवऱ्याला अग्नी दिलेला बघितला. पण या पोरीची मला भीती वाटली.

शाळेचे मास्तर भेटायला आले आणि म्हणाले, "आजी, धानाच्या रोपांचा पऱ्हा एका बांधीतून उपटून दुसऱ्या बांधीत रोवला की जास्त जोमाने येतो. तसंच हे."

मी म्हटलं, "मास्तर, पऱ्हा 'पाणी पिऊ का' म्हणून विचारते का?"

कारण ती विचारायची. पाणी पिऊ का. बाहेर जाऊ का. दिवा लावू का. खाजवायचं असलं तरी विचारेल असं मला वाटे. सुनेने कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता, त्यात फुलाफुलांचा कागद अंथरला होता. तो खण रिकामाच राहिला. मुलगी आपला फ्रॉक धुवायची, वाळवायची, घडी करून परत बॅगेत ठेवायची आणि चेन लावायची. उठायचं तर लगेच उठून निघता आलं पाहिजे, अशी ती झोपायची.

दत्तकाचं काम बघणाऱ्या गोंदियाच्या मॅडमनी आम्हाला आधीच बजावून ठेवलं होतं. मारायचं नाही. धमकी द्यायची नाही. परत पाठवू हा शब्द तर गमतीतसुद्धा काढायचा नाही. मॅडम मधून मधून येऊन बघणार, लिहून नेणार आणि मग कलेक्टर साहेबांची सही होणार. सही होईपर्यंत मुलगी आमच्या घरात होती, पण आमची नव्हती. ती रमली नाही किंवा मॅडमना काही खटकलं, तर ती परत जाणार. हे मुलाने मला तीनदा समजावून सांगितलं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एकदा सांगितलेलं मला कळतं. तो तीनदा सांगत होता कारण तो स्वतः घाबरला होता.

घरात सगळे हळू बोलायला लागले. सून अंगणवाडीत पन्नास पोरांवर ओरडायची आणि घरी येऊन या एकीशी कुजबुजायची. मुलगा मोटारपंप दुरुस्त करतो, त्याचा आवाज मुळातच मोठा. तोही दार हळू लावू लागला. एखाद्या घरात कोणी आजारी पडल्यावर माणसं जशी वागतात, तसं चाललं होतं. मी मात्र जशी बोलत होते तशीच बोलत होते. आणि तिथेच चुकलं.

आमच्या झाडीपट्टीत कोणी दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कायले आली वो?" म्हणजे काय काम काढलं. विळा पाहिजे की विरजण पाहिजे की नुसती बसायला आली. पाहुण्याला 'या, बसा' म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आधी कायले आली, मग बसायला पोत्याचा बोरा. यात कोणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटायचं काही आहे, हेच आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शेजारीण आली.

"कोठी आहे वो तुमची नवी टुरी? दाखवा तं मले."

मुलगी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. शेजारणीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसून म्हणाली, "कायले आली वो इतक्या दूर? आं? तिकडचं सोडून आमच्या रानात कायले आली?"

मुलगी पेल्याकडे बघत राहिली.

"बोलत नाही का हे?"

"बोलते," मी म्हटलं. "तुह्यासारखी वटवट नाही करत."

शेजारीण खदखदून हसली. तिने मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि दोन उकडलेली रताळी देऊन गेली. तिच्या मनात काही नव्हतं. किराणा दुकानदाराच्या मनातही काही नव्हतं. पोरगी साबण आणायला गेली तर तो म्हणाला, "कायले आली?" शाळेत खिचडी शिजवणारी बाई, ही रांग सोडून पुढे गेली तर, म्हणाली, "तू कायले आली?" आणि मी तर दिवसातून दहादा म्हणत होते. गोठ्यात आली, कायले आली. चुलीपाशी आली, कायले आली. माझ्या तोंडाला ती सवयच होती.

पंधरा दिवसांत मुलगी बदलली. बिघडली असती तर आम्हाला निदान कळलं असतं. ती जास्तच शहाणी व्हायला लागली. आम्ही उठायच्या आधी अंगण झाडलेलं असायचं. भांडी घासलेली. सुनेने हातातून झाडू घेतला तर तिचा चेहरा पांढरा पडायचा. ताटात वाढलेल्या भातातला अर्धा ती आधीच बाजूला काढून ठेवायची. "एवढा पुरतो मला." सून म्हणाली, "आई, हिचं वजन कमी झालं तर मॅडम काय म्हणतील? आणि झाडताना बघितलं तर? आपण कामाला आणली असं वाटेल त्यांना." ती पुढे म्हणाली, "अजून मला कशानेच हाक मारत नाही ती. 'ऐका ना' म्हणते."

मी म्हटलं, "ऐकून घे मग."

पण मलाही आता वेगळी भीती लागली होती. पहिली भीती होती की ही राहील. आता वाटायला लागलं की ही जाईल. पोरगी दिसायची त्या बाजूला माझी नजर जायची. ती अंगणात नसली की मी विहिरीकडे बघून यायचे. कोणाला सांगितलं नाही.

मोहफुलांचे दिवस आले. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे भाताच्या बांधीच्या बांधावर, दोन मोह आहेत. फुलं पहाटेपासून गळतात आणि ऊन तापायच्या आत वेचावी लागतात. उशीर केला तर गुरं खातात, नाहीतर अस्वल खातं. अस्वलाला मोहाचा भारी नाद. आमच्या गावात अस्वलाने चेहरा ओरबाडलेला एक माणूस आहे, त्याला एक डोळा नाही. म्हणून आम्ही धुऱ्यावरच वेचतो, नाल्यापलीकडे जंगलात एकटं कोणी जात नाही. आदल्या दिवशी जेवताना मीच बोलले होते, "नाल्यापलीकडच्या तीन झाडांखाली यंदा सडा पडून राहिला, पण जाईल कोण." मुलगी भात चिवडत ऐकत होती.

त्या दिवशी रविवार होता. उजाडलं तेव्हा मी धुऱ्यावर वाकून फुलं वेचत होते. मागे पाचोळा वाजला. वळून बघितलं तर मुलगी उभी. एकटी, पायात चप्पल, हातात काही नाही. घरापासून तिथपर्यंतची वाट झुडपांतून जाते. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो.

"कायले आली?" मी ओरडले. "आं? कायले आली इथं? जाय!"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती वळली. मी परत वाकले. पाचोळा वाजत वाजत लांब गेला. घराकडे गेला की दुसरीकडे, ते मी बघितलं नाही.

टोपली भरायला पुष्कळ वेळ लागला. घरी आले तेव्हा सून अंगणात उभी होती. तिने माझ्या मागे बघितलं.

"ती कुठे आहे?"

"कोण ती? मी कवाच घरी धाडली."

"आई, ती तुमच्याकडेच आली होती. मला विचारून आली. आजीकडे जाऊ का म्हणाली. मी जा म्हटलं."

सून अनवाणीच रस्त्याकडे धावली, बस जिथे थांबते तिकडे. मुलाने मोटरसायकल काढली आणि स्टेशनकडे गेला. दोघांच्याही मनात एकच होतं, ती पळाली. मी घरात गेले. निळी बॅग जागेवर होती. बॅग सोडून ती जाणार नाही, एवढं मला तिच्याबद्दल कळलं होतं. मग विहीर? मी विहिरीत वाकून बघितलं. पाणी हललेलं नव्हतं. परत येऊन मी बॅगेची चेन उघडली. दुसऱ्याची बॅग उघडू नये, पण मी उघडली.

कपड्यांच्या खाली वही होती. मला जोडाक्षरं जड जातात, तरी तिचं अक्षर मोठं आणि सुटं होतं. बोट ठेवून वाचलं. शाळेत लिहितात तसंच लिहिलं होतं.

प्रश्न: कशाला आलीस?

उत्तर: मी केर काढते.

उत्तर: मी भांडी घासते.

उत्तर: मी कमी खाते.

उत्तर: मी त्रास देत नाही.

प्रत्येक उत्तरापुढे फुली मारलेली होती, चुकलेल्या गणितापुढे मारतात तशी. खाली एकच उत्तर बिनफुलीचं होतं.

उत्तर: मी आजीला मोहफुले वेचायला मदत करते.

गावाने विचारलं होतं, दुकानदाराने विचारलं होतं, शेजारणीने, मी. आणि ही पोरगी दर वेळी उत्तर शोधत होती. कोणी तिच्या तोंडावर विचारत होतं की तू या घरात का आहेस, आणि पटेल असं काही तिला सांगता येत नव्हतं. आज ती उत्तर घेऊन धुऱ्यावर आली होती. तिने उत्तर द्यायच्या आधीच मी तिला हाकललं. ती घरी कशी येईल? रिकाम्या हाताने तर नाहीच.

नाल्यापलीकडे तीन झाडं. मीच सांगितलं होतं.

कोणाला बोलावायला वेळ नव्हता. काठी घेतली आणि निघाले. माझे गुडघे गेलेले आहेत, दहा पावलांवर मी थांबते. त्या दिवशी थांबले नाही. नाला कोरडा होता. वाळूत तिच्या चपलांचे ठसे दिसले, जातानाचे. येतानाचे नव्हते. ठशांच्या बाजूला वाळू आणखी एका ठिकाणी दबलेली होती. ती कशाने दबली ते मी वाकून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे पाय उचलला नसता.

चढ चढून वर आले आणि आधी आवाज आला. मोठ्याने श्वास ओढल्याचा, फुरफुर, चपचप. तो आवाज मी लहानपणी बापाच्या खांद्यावरून ऐकला होता. एकदा ऐकलेला तो आवाज माणूस विसरत नाही.

मुलगी पहिल्या झाडाखाली उकिडवी बसली होती. फ्रॉकची ओटी करून तिने एका हाताने धरली होती आणि दुसऱ्या हाताने भराभर फुलं टाकत होती. तिसऱ्या झाडाखाली, वारुळाच्या बाजूला, काळं धूड बसलं होतं. त्याची पाठ होती आमच्याकडे. दोघंही एकच काम करत होती.

हाक मारावी तर अस्वल वळेल. मागून हात लावावा तर पोरगी किंचाळेल, तिला मागून हात लावलेला सहन होत नव्हता. मी झाडाच्या आडून फिरले आणि तिच्या समोर येईन अशी चालले. एकेक पाऊल पाचोळा बघून टाकत होते. तिने मान वर केली. मी ओठांवर बोट ठेवलं.

तिने माझं बोट बघितलं नाही. तिने माझा चेहरा बघितला आणि घाईघाईने मोठ्याने म्हणाली, "आजी, मी मोहफुलं वेचायला आले!"

चपचप थांबली.

अस्वल वळलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. नाक वर करून ते हुंगत होतं. अस्वलाला नीट दिसत नाही, वासावर चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिचा दंड धरला आणि तिला माझ्या मागे ओढलं. माझं लुगडं ओलं झालं. सांगायला लाज कसली, ज्याला हसायचं त्याने अस्वलासमोर उभं राहून बघावं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी काठी उचललीसुद्धा नाही. पोरगी माझ्या पाठीला चिकटली होती, तिचा श्वास मला पाठीवर लागत होता.

मग ते खाली टेकलं, हुं करून वळलं आणि पहाडीकडे निघून गेलं. झुडपं हलायची थांबली तरी मी उभीच होते.

मग मी वळून तिच्या थोबाडीत मारली. जोरात मारली. माझाच हात झणझणला.

ती रडली नाही. ओटी तिने सोडलेली नव्हती, एक फूल खाली पडलं नव्हतं. तिने विचारलं, "ही कुठे ठेवू?"

मी पदर पुढे केला आणि तिने सगळी फुलं त्यात ओतली. परतताना नाल्याच्या वाळूवर आल्यावर मी म्हटलं, "तुझी वही मी वाचली."

ती थांबली.

"आमच्याकडे कुत्रं दारात आलं तरी विचारतात, कायले आलं बा. ती बोलायची रीत आहे. तू घरात कायले आली असं कोणी विचारत नाही. शेजारीण मले पण विचारते, मी तिच्या घरी गेली तं."

"मग तुम्ही काय सांगता?"

"अशीच आली, म्हणतो."

"अशीच?"

"अशीच."

"ते चालतं?"

"चहा ठेवतात तेवढ्यावर."

तिला ते खरं वाटलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिचा गाल लाल झाला होता आणि माझी चार बोटं त्यावर दिसत होती.

घरी आल्यावर सुनेने तिला पोटाशी धरलं. मग तिने गाल बघितला. मुलानेही बघितला. "हे काय?"

"मी मारलं," मी म्हटलं.

अस्वलाचं ऐकून झाल्यावर दोघं जितकी घाबरली, त्यापेक्षा या दोन शब्दांनी जास्त घाबरली. मॅडम मंगळवारी यायच्या होत्या. मुलगा मला गोठ्यात घेऊन गेला. "आई, मॅडमसमोर तू काही बोलू नको. तू त्या दिवशी बांधीवर जा. डाग तोवर जाईल."

"अन् पोरीले विचारलं तं?"

त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ती सांगणार नव्हती. तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी त्रास देत नाही, असं तिने लिहूनच ठेवलं होतं. केर, भांडी, कमी जेवण, आणि आता आमच्यासाठी खोटं बोलणं. आणखी एक काम.

मंगळवारी मी बांधीवर गेले नाही. मॅडम ओसरीवर बसल्या, वही काढली, आणि सुनेने चहा आणायच्या आधी मी म्हटलं, "मॅडम, मी पोरीले मारलं."

मुलाने डोळे मिटले. मी सगळं सांगितलं. कायले आली, वही, नाला, अस्वल, थोबाडीत.

"किती जोरात?" मॅडमनी विचारलं.

"जोरात."

"या आधी कधी?"

"नाही."

"यापुढे?"

"अस्वलापुढे गेली नाही तर नाही."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुष्कळ वेळ लिहिलं. मग मुलीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. सून पदराचं टोक पिळत होती. दार उघडलं तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "मला हे लिहावं लागेल, आजी." चहा न घेता गेल्या.

मुलगा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. सून बोलायची, पण कामापुरतं. मी त्यांना दोष दिला नाही. चौदा वर्षांनी मिळालेलं मूल मी एका वाक्यात घालवलं असेल, असं मलाही वाटत होतं.

मुलगी मात्र त्याच संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही सांगितलं कशाला? मी सांगणार नव्हते."

"म्हणूनच सांगितलं."

"आता ते मला परत नेतील?"

खोटं बोलावं असं त्या क्षणी मनात आलं. नऊ वर्षांच्या पोरीला झोप लागेल एवढं तरी खोटं. पण तिच्याशी पुष्कळ जण तसं बोलले असतील. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तिने हातातला झाडू भिंतीवर फेकला. तो खाली पडला तसाच पडू दिला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी अंगण कोणी झाडलं नाही. मी झाडलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरातलं कोणीच माझ्याशी धड बोलत नव्हतं, तीही त्यात सामील झाली.

पुढे मॅडम दोनदा आल्या. एकदा न सांगता आल्या, शेजारणीलाही विचारून गेल्या, मास्तरांनाही. तेंदूपत्त्याचे दिवस येऊन गेले. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली, ती चौथीत गेली. गोंदियाचा नंबर फोनवर दिसला की सून हातातलं काम टाकायची. एकदा तो बियाण्याच्या दुकानाचा निघाला, तरी ती नंतर तासभर बसून होती. त्या महिन्यांत आमच्या घरात कोणी दिवाळीचं नाव काढलं नाही, पुढच्या वर्षीचं तर नाहीच.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका दुपारी माझा फोन वाजला. सून बांधीत मजूर बायांबरोबर चिखलात होती, मी घरी त्यांचा भात शिजवत होते. मुलगा गोंदियाहून बोलत होता. त्याचा आवाज फुटला होता, मला आधी वाटलं की झालं वाईट तेच.

"आई, सही झाली."

"कशावर?"

"आदेशावर. आपली झाली ती. आई, ऐकतेस ना?"

मी फोन ठेवला. बांधी लांब, शाळा जवळ. चपला घातल्या आणि छत्री न घेताच निघाले. शाळेत मी त्याआधी कधी तिला न्यायला गेले नव्हते. चिखलातून भराभर चालल्यामुळे वर्गाच्या दारात पोहोचले तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता. चौकट धरून उभी राहिले.

ती खाली सतरंजीवर दुसऱ्या रांगेत होती. तिने मला बघितलं. मास्तर काही बोलायच्या आत ती उठली. वही बॅगेत टाकली, कंपास टाकला, चेन लावली. एवढ्या सफाईने की हे तिने मनात पुष्कळदा करून बघितलेलं असावं. बॅग पाठीला लावून ती बाहेर व्हरांड्यात आली, आपली चप्पल शोधून पायात घातली आणि माझ्यासमोर सरळ उभी राहिली. ओठ पांढरे झाले होते.

"किती वाजताची गाडी आहे?" तिने विचारलं.

मला बोलता येत नव्हतं. मी हात हलवला. तिला त्याचा अर्थ लागला नाही. ती म्हणाली, "मॅडम आल्यात ना घ्यायला? माझे दोन फ्रॉक दोरीवर आहेत."

"कोणती गाडी," मी कशीबशी म्हटलं. "कोणी आलं नाही घ्यायले. कलेक्टर साहेबानं सही केली. आता तुले कोणी नेत नाही."

तिने विचारलं, "तुम्ही मारलं ते लिहूनसुद्धा?"

"लिहूनसुद्धा."

"तुम्ही वाचलं?"

"कागद अजून गोंदियातच आहे. संध्याकाळी तुझा बाप आणते. तूच वाचजो. मले जोडाक्षरं येत नाहीत."

तिने एका पायाने दुसऱ्या पायावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "भागाकार चालू आहे आमचा. अर्धाच झालाय."

"मग जाय."

ती चप्पल काढून आत गेली आणि आपल्या जागेवर बसली. बॅगेतून वही काढली, कंपास काढला. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. तिने दोनदा मान वळवून दाराकडे बघितलं, मी आहे की गेले ते. तिकडे चुलीवर मजुरांचा भात करपत असणार, हे मला कळत होतं. मी उठले नाही.